पासवर्ड वहीत लिहून ठेवा

पासवर्डबद्दल तीन गोष्टी आपल्याला इतक्या वेळा ऐकवल्या गेल्या आहेत की त्या तपासून पाहाव्यात असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. कुठेही लिहून ठेवू नका. दर तीन महिन्यांनी बदला. एक मोठे अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह घातलेच पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक घरांसाठी सरळ चुकीच्या आहेत आणि तिसरीचा उपयोग फार थोडा आहे. लोक निष्काळजी आहेत म्हणून त्यांचे पासवर्ड कच्चे असतात, असे मानले जाते. माझे म्हणणे उलट आहे: लोक हे नियम पाळतात म्हणून त्यांचे पासवर्ड कच्चे राहतात.

एका साध्या नोकरदार माणसाची खाती मोजून पाहा. ईमेल, दोन बँका, प्राप्तिकर, भविष्य निर्वाह निधी, डीमॅट, म्युच्युअल फंड, रेल्वेचे आरक्षण, वीजबिल, गॅस, मुलांच्या शाळेचे ॲप, विमा, खरेदीची चार-पाच संकेतस्थळे. पंचवीस-तीसचा आकडा सहज होतो. इतके वेगवेगळे पासवर्ड कुणाच्याही डोक्यात राहत नाहीत. लिहायची बंदी असल्यामुळे माणूस एकच पासवर्ड सगळीकडे लावतो. मोठे अक्षर हवे म्हणून नावाचे पहिले अक्षर मोठे, चिन्ह हवे म्हणून @, आकडा हवा म्हणून शेवटी १२३. नव्वद दिवसांनी १२३ चे १२४ होते. पासवर्ड फोडणाऱ्या प्रणाली सर्वांत आधी हाच साचा चालवतात: शब्द, पहिले अक्षर मोठे, मग चिन्ह, शेवटी आकडे.

हे नियम आले कुठून? २००३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने, म्हणजे निस्टने, एक मार्गदर्शिका काढली. अक्षर-आकडा-चिन्हाची आणि ठरावीक काळाने बदलण्याची शिफारस तिच्या परिशिष्टातून जगभर पसरली. ते लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, आपल्याला त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो असे वर्तमानपत्राला सांगितले. त्याआधी, २०१० मध्ये, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी बंद झालेल्या खात्यांचे जुने पासवर्ड तपासले होते. त्या खात्यांना दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलणे सक्तीचे होते. आधीचा पासवर्ड ठाऊक असेल तर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचांहून कमी प्रयत्नांत ओळखता आला. ज्याच्या हाती जुना पासवर्ड पडला, त्याला बाहेर ठेवण्यासाठीच तर बदलण्याचा नियम होता, आणि नेमका त्यालाच तो अडवत नव्हता.

निस्टने २०१७ मध्ये आपला सल्ला फिरवला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या शिफारस केलेल्या सुरक्षा-मांडणीतून मुदतीची अट काढून टाकली. निस्टची २०२५ ची आवृत्ती तर निःसंदिग्ध आहे: फक्त पासवर्डवर भिस्त असेल तर तो किमान १५ अक्षरांचा असावा, निदान ६४ अक्षरांपर्यंत चालावा, अक्षर-आकडा-चिन्हाची सक्ती करू नये, आणि पासवर्ड फुटल्याचा पुरावा असल्याशिवाय तो बदलायला लावू नये. आपल्याकडच्या कित्येक बँका आणि सरकारी संकेतस्थळे मात्र अजून २००३ मध्येच आहेत.

खरा धोका कशात आहे, हे समजायला आपल्याच देशातले एक प्रकरण पुरेसे आहे. मे २०१७ मध्ये झोमॅटोच्या १ कोटी ७० लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. कंपनीने नंतर स्वतःच सगळी साखळी जाहीर केली. २०१५ मध्ये ०००वेबहोस्ट नावाच्या परदेशी संकेतस्थळावरून ग्राहकांचे पासवर्ड जसेच्या तसे, उघड्या स्वरूपात फुटले. झोमॅटोच्या एका अभियंत्याचे तिथे खाते होते, आणि तोच ईमेल, तोच पासवर्ड त्याने गिटहबवरही, म्हणजे कंपन्या आपला कोड जिथे ठेवतात त्या संकेतस्थळावरही, ठेवला होता. तिथे दुसरी कुठली पडताळणी नव्हती. चोर गिटहबवर शिरला, कंपनीचा कोड वाचला, त्यातली फट शोधली आणि आत गेला. पासवर्ड किती अवघड होता, त्यात चिन्ह होते की नव्हते, याचा इथे काहीच संबंध आला नाही. तो दोन ठिकाणी एकच होता, एवढ्यावर सगळे घडले.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यायला हवा, कारण तो कळला की कुठे किती काळजी घ्यायची हे आपोआप ठरते. एटीएमचा पिन चारच आकड्यांचा असतो, तरी चालतो, कारण दोन-तीन चुकांनंतर कार्ड अडते. चोराला बँकेच्या दारात उभे राहूनच अंदाज करावे लागतात. पण संकेतस्थळाची पासवर्डची फाइलच चोरीला गेली, तर अडवणारे कुणी उरत नाही. फाइलमध्ये सहसा पासवर्ड नसतो, त्याचे उलट न फिरवता येणारे रूप, म्हणजे हॅश असतो. चोर आपल्या यंत्रावर एकेक शब्दाचा हॅश काढून जुळवत बसतो. एमडी५ सारखी जुनी पद्धत वापरलेली असेल, तर एक महागडे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शंभर अब्जांहून अधिक अंदाज तपासते. चिन्हे आणि आकडे मिसळलेला, अगदी यादृच्छिक आठ अक्षरांचा पासवर्डही त्या वेगाने एका दिवसाच्या आत फुटतो. नाव-@-१२३ ला तर क्षणही लागत नाही. आणि एकदा फुटला की तोच पासवर्ड बँका, ईमेल, खरेदीची खाती अशा शेकडो ठिकाणी यंत्राने लावून पाहिला जातो.

म्हणजे प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड हवा, हा पहिला नियम. तो डोक्याने पाळता येत नाही, म्हणून लिहावे लागते. घरच्या कपाटातल्या वहीपर्यंत पोचायला चोराला तुमच्या घरात शिरावे लागते, आणि घरात शिरलेला चोर दागिने आणि रोकड शोधतो. तुमच्या ईमेलवर टपून बसलेल्याला तुमचे गावही ठाऊक नसते. बाकीची सगळी महत्त्वाची कागदपत्रे, सातबारा, विमापत्रे, मुदत ठेवींच्या पावत्या, आपण घरातच ठेवतो. त्यांच्याशेजारी आणखी एक वही ठेवायला घाबरण्याचे कारण नाही.

अर्थात हे सगळ्यांना लागू नाही. ज्या घरात घरातल्याच माणसाची पाळत असते, नवरा, सासर किंवा भाऊ फोन तपासतो, तिथे वही धोक्याची आहे. वसतिगृहाच्या खोलीत, भाड्याच्या सामायिक घरातही वही नको. तिथे फोनमधला पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवणारे ॲप, वेगळ्या पासवर्डने बंद केलेले, हाच मार्ग. कार्यालयातल्या संगणकाच्या पडद्यावर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी ही तर वहीच नव्हे. तिथून येणारा-जाणारा प्रत्येकजण ती वाचतो.

वही कशी ठेवायची यातही बारकावे आहेत. शिवलेली, पुठ्ठ्याची घ्या; सुटी पाने हरवतात. ती पिशवीत घालून घराबाहेर न्यायची नाही. एका खात्याला अर्धे पान द्या: संस्थेचे नाव, संकेतस्थळाचा नेमका पत्ता, लॉगिनचे नाव, कोणता ईमेल आणि कोणता मोबाइल जोडला आहे, पासवर्ड, आणि तो ठेवल्याची तारीख. जोडलेला मोबाइल लिहिणे बहुतेक जण विसरतात, आणि पुढे नंबर बदलला की ओटीपी कुठल्या खात्याचा कुठे जातो याचा पत्ता लागत नाही. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. परदेशी गेलेल्या मुलांची भारतातली खाती नेमकी इथेच अडकतात: रिचार्ज थांबते, सिम बंद पडते आणि बँकेचा ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. लिहिताना शून्य आणि ओ, एक आणि छोटा एल यांची गफलत होते, म्हणून शून्यावर तिरकी रेघ मारा आणि मोठ्या अक्षरांखाली अधोरेखा द्या. पासवर्ड बदलला तर जुना एका रेघेने खोडा, गिरगटून टाकू नका. नवा मान्य झालाच नाही असे कधी कधी निघते आणि जुनाच लागतो.

बँक आणि डीमॅटच्या पासवर्डचा शेवटचा तुकडा, चार अक्षरांचा, वहीत लिहूच नका. तो सगळ्यांना एकच ठेवा आणि तोंडपाठ करा. वही गेली तरी पैशांची खाती उघडत नाहीत. मात्र तो तुकडा घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा, नाहीतर तुमच्यामागे कुटुंबाला वहीचा निम्माच उपयोग होईल.

एटीएमचा पिन आणि यूपीआयचा पिन मात्र वहीत नको. ते रोजच्या वापराने पाठ राहतात, आणि त्यामागे कायद्याचेही कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थामुळे झालेली फसवणूक तीन कामकाजाच्या दिवसांत कळवली तर ग्राहकावर बोजा येत नाही. पण आपल्या हलगर्जीने, म्हणजे पिन वगैरे दुसऱ्याला कळू दिल्याने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाचे.

वहीला पर्याय म्हणून लोक जे करतात ते तिच्यापेक्षा वाईट आहे. पासवर्ड फोनच्या संपर्कयादीत खोट्या नावाने ठेवणे हा त्यातला लाडका प्रकार. संपर्कयादी वाचायची परवानगी आपण ॲपमागून ॲपला देत असतो. स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवणे, वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवणे, 'पासवर्ड' नावाची एक्सेल फाइल बनवणे, हे सगळे त्याच वाटेचे. फोटो आपोआप क्लाउडवर चढतो आणि कागदाचा जो एक मोठा गुण होता, की तो दुरून चोरता येत नाही, तोच जातो.

आता पाठ करण्याचे पासवर्ड. असे दोनच पुरतात: ईमेलचा, आणि मॅनेजर वापरत असाल तर त्याचा. ईमेलचा सर्वांत महत्त्वाचा, कारण 'पासवर्ड विसरलात?' असे विचारणारे प्रत्येक संकेतस्थळ नवा पासवर्ड तिथेच पाठवते. हे दोन लांब हवेत, आणि आपल्या मनाने सुचलेले नकोत. मनाने निवडलेले शब्द म्हणजे देव, मुले, गाव, आवडता खेळाडू. निवड नशिबावर सोडायची, आणि त्यासाठी घरात सगळे साहित्य असते.

हजाराच्या आसपास पानांचा मराठी शब्दकोश घ्या. पाकिटातल्या वापरातल्या पाच नोटा काढा. कोऱ्या नकोत, त्यांचे क्रमांक ओळीने असू शकतात. नोटेवर आधी अंक-अक्षरांचा छोटा गट असतो आणि मग सहा आकडे. त्यातले शेवटचे चार घ्या. ४८२७ आले तर ४८२ हे पान आणि ७ म्हणजे त्या पानावरची सातवी नोंद. शून्य आला तर दहावी. कोशात ते पान नसेल तर दुसरी नोट काढा. पाच नोटांतून पाच शब्द मिळतात: समजा कणगी, फडताळ, मोहोर, वेसण, सुकाणू. (हे पाच आता छापले गेले, तेव्हा वापरू नका.) शब्द आवडला नाही म्हणून बदलायचा नाही, आवडीने निवडला की सगळा फायदा गेला. अर्थ माहीत नसेल तर तो कोशात दिलेलाच आहे, आणि पाच शब्दांचे एक विचित्र चित्र मनाशी जुळवले की ते आठवडाभरात पाठ होतात.

प्रत्येक नोटेमागे १०,००० शक्यता, म्हणजे पाच शब्दांच्या शक्यता एकावर वीस शून्ये. चोराला तुमची पद्धत आणि तुमचा कोश दोन्ही माहीत आहेत असे धरले, तरी वर सांगितलेल्या कार्डाला सगळ्या शक्यता तपासायला तीस वर्षे लागतील, आणि तीही एमडी५ सारख्या कमकुवत पद्धतीवर. चांगले पासवर्ड मॅनेजर मुद्दाम संथ पद्धत वापरतात, एकेका अंदाजासाठी हॅश काढण्याच्या सहा लाख फेऱ्या करायला लावतात. तिथे तो प्रयत्न करण्यात अर्थच उरत नाही. शब्द चारच घेतले तर मात्र जुन्या पद्धतीवर तो काळ एका दिवसाच्या थोडा वर येतो. पाचवा शब्द म्हणूनच सोडायचा नाही.

अडचण येते ती टंकताना. शब्द रोमन लिपीत, सगळी अक्षरे छोटी, मध्ये मोकळी जागा किंवा आडवी रेघ. पण 'सुकाणू' रोमनमध्ये दहा जण दहा प्रकारे लिहितील, आणि तुम्हीही दोन महिन्यांनी वेगळे लिहाल. म्हणून आपला नियम आधीच ठरवा: दीर्घ स्वरासाठी अक्षर दोनदा लिहायचे नाही, ऊ साठी नेहमी यू, ळ आणि ल दोन्हींसाठी एल, ण आणि न दोन्हींसाठी एन. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पासवर्ड थेट देवनागरीत ठेवायचा मोह टाळा. बरीच संकेतस्थळे तो घेत नाहीत, आणि घेतला तरी 'ऱ्या' सारखे जोडाक्षर एका कीबोर्डवर एका संकेतक्रमाने आणि दुसऱ्यावर वेगळ्या क्रमाने जाते. डोळ्याला तेच दिसते, संगणकाला वेगळे, आणि खाते उघडत नाही.

फिंगरप्रिंट लावला की हा पासवर्ड टंकायची वेळच येत नाही आणि सहा महिन्यांनी तो आठवत नाही. आठवड्यातून एकदा मुद्दाम हाताने टंका. ईमेलवर द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी सोय, सुरू करा. गूगल त्या वेळी आठ-आठ आकड्यांचे दहा राखीव कोड देते, ते वहीत उतरवा. फोन हरवला की खाते परत मिळवायला हेच उपयोगी पडतात.

तीसच्या वर खाती असतील आणि दिवसभर काम संगणकावरच असेल, तर बिटवॉर्डन किंवा कीपास यांसारखा मॅनेजर वहीपेक्षा सोयीचा. सगळे एकाच ठिकाणी ठेवले आणि तेच फुटले तर, ही शंका रास्त आहे. २०२२ मध्ये लास्टपास या मॅनेजरच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या, म्हणजे साठवलेल्या पासवर्डच्या फाइलींच्या, प्रती खरोखरच चोरीला गेल्या. पण तिजोऱ्यांतले पासवर्ड कुलूपबंद होते. धोका उरला तो मुख्य पासवर्ड कच्चा असलेल्यांना आणि फेऱ्यांची संख्या कमी ठेवलेल्या जुन्या खात्यांना. म्हणून वरचे पाच शब्द.

मॅनेजरचा मोठा गुण असा की तो पत्ता अक्षरशः ताडून पाहतो. बँकेसारख्या दिसणाऱ्या खोट्या संकेतस्थळावर माणूस फसतो, मॅनेजर पासवर्ड भरतच नाही. यातूनच एक गोंधळ झाला आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर जायला सांगितले. मॅनेजरमध्ये जुना पत्ता नोंदलेला असल्याने तो नव्या पत्त्यावर गप्प बसतो, आणि लोक वैतागून पासवर्ड हाताने टंकतात. तसे करू नका. पत्त्याचा शेवट ताडा, खात्री झाली की मॅनेजरमधल्या नोंदीत नवा पत्ता घाला आणि मगच आत जा. वही असेल तर तिथलाही पत्ता दुरुस्त करा.

एवढे नागरिकाने करावे. पण अर्धे काम संस्थांचे आहे आणि ते त्या करत नाहीत. कित्येक बँकांच्या लॉगिनच्या चौकटीत पासवर्ड पेस्टच करता येत नाही. त्यामुळे मॅनेजर वापरणारा अडतो आणि हाताने टंकता येईल असा छोटा, सोपा पासवर्ड ठेवतो. ही अडवणूक सुरक्षेसाठी आहे असे सांगितले जाते. निस्टची मार्गदर्शिका मात्र मॅनेजर आणि आपोआप भरणे चालू देणे बंधनकारक मानते. दर नव्वद दिवसांच्या मुदतीऐवजी नवा पासवर्ड आधी फुटलेल्यांच्या यादीत आहे का हे तपासावे. अशी यादी ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' कडून फुकट मिळते, आणि तपासताना पासवर्ड बाहेर पाठवावाही लागत नाही, हॅशची पहिली पाच अक्षरे पुरतात. म्हणजे खर्चाचे कारणही पुढे करता येत नाही.

सरकारी फायलींचे पासवर्ड हा याहून गंभीर विषय आहे. डाउनलोड केलेल्या ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष. फाइल ज्याच्या हाती आहे त्याला नाव बहुधा माहीतच असते. उरते जन्मवर्ष, आणि त्यासाठी जास्तीत जास्त शंभर प्रयत्न. ई-पॅनचा पासवर्ड जन्मतारीख: शंभर वर्षांत ३६,५२५ दिवस, संगणकाला किरकोळ काम. हे कुलूप नसून चिकटवलेले पाकीट आहे, आणि कोट्यवधी लोकांना मात्र आपली फाइल सुरक्षित आहे असे वाटते. म्हणून ती झेरॉक्सच्या दुकानाच्या ईमेलवर बिनधास्त पाठवली जाते आणि तिथे वर्षानुवर्षे पडून राहते. ज्याची फाइल आहे त्याला डाउनलोडच्या वेळी स्वतःचा पासवर्ड ठरवू देणे तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही. सुरक्षाप्रश्नांचेही तेच. आईचे माहेरचे आडनाव आपल्याकडे अख्ख्या भावकीला ठाऊक असते. हा प्रश्न काढला जाईपर्यंत त्याला कोशातला भलताच शब्द उत्तर म्हणून द्या आणि तो वहीत लिहा.

सर्वांत जास्त तातडी आहे ती सेवा केंद्रांवर. शिष्यवृत्ती, शेतकरी योजना, दाखले यांसाठी खाते उघडायला गावातला माणूस केंद्रावर जातो. घाईत चालक आपल्या सोयीचा एकच ठरलेला पासवर्ड सगळ्यांना लावतो, कधी मोबाइल नंबरही स्वतःचाच टाकतो, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणासाठी त्या माणसाला पुन्हा त्याच केंद्राशिवाय वाट राहत नाही. अनुदान कुठल्या बँक खात्यात जाते, हे अशा लॉगिनवर ठरते. शासनाने नियम करावा: खाते अर्जदाराच्याच मोबाइलवर उघडले जाईल, पासवर्ड यंत्र तयार करेल, तो पावतीवर छापून अर्जदाराच्या हातात दिला जाईल आणि केंद्राकडे त्याची नोंद राहणार नाही. तोवर केंद्रावर जाताना खाते कुणाच्या नंबरवर उघडले हे विचारून घ्या, आणि घरी आल्यावर त्याच दिवशी पासवर्ड बदलून वहीत लिहा.